कॅलिफोर्नियाचा फाटा

लव्हिनिया प्रुइटचे बैल पाणी पिऊन मेले.

स्वीटवॉटर नदीच्या अलीकडे डबकी लागतात. त्यांच्या काठाला पांढरा खार फुललेला असतो, आणि ते पाणी जनावराच्या पोटात गेलं की आतडी करपवून टाकतं. तांड्यातल्या पोराटोरांनाही हे ठाऊक होतं. पण आदला अख्खा दिवस कोरडा गेला होता. सकाळी मानेवर जू चढायच्या आतच बैलांना पाण्याचा वास लागला, आणि मग त्यांनी ना तिच्या नवऱ्याच्या, रॅन्समच्या, हाकेला दाद दिली ना त्याच्या आसुडाला. नंतर रॅन्सम आणि लव्हिनियाने एकेका बैलाचा जबडा उघडून डुकराच्या चरबीचे तुकडे घशात कोंबले. त्याने खार मरतो असं सगळे म्हणायचे. दुपार कलायच्या आत सहातले पाच बैल पाय ताणून पडले. उरला एकटा ड्यूक. तोही मान खाली घालून असा उभा होता की, आता पडेल की मग, एवढंच बघायचं बाकी होतं.

एका बैलावर गाडी चालत नाही. मिसुरीहून त्यांच्याबरोबर निघालेला तांडा वीसेक गाड्यांचा होता. सगळ्यांना ऑरेगॉनला जायचं होतं, आणि हिमवर्षावाच्या आत पुढचे डोंगर ओलांडायचे होते. तांड्याचा कॅप्टन बर्डिक मूळचा पीठगिरणीवाला. सरळ माणूस, पण सतत आभाळाकडे बघून हिशेब करणारा. त्याने संध्याकाळी सगळ्या घरधन्यांना गोळा केलं. प्रुइटांना वाटेत टाकून जायचं नाही, यावर कुणाचंच दुमत झालं नाही. पण चार माणसं एकत्र सामावतील एवढी जागाही कुणाच्या गाडीत नव्हती, आणि तेवढं पीठही कुणाच्या पोत्यात नव्हतं.

मग त्यांची वाटणी झाली. रॅन्समने कॅप्टनची मोकळी जनावरं हाकायची आणि त्याच्याकडे जेवायचं. ड्यूकही त्याच कळपात चालेल. लव्हिनियाने अंगावर पिणाऱ्या धाकट्या इनॉकला घेऊन स्टिकनी भावांच्या गाडीबरोबर जायचं. हे तिघे भाऊ बिनलग्नाचे होते आणि स्वतःच्या हातचं खाऊन जिवाला कंटाळले होते. आणि त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीला, थर्झाला, ओबेदाया क्रेल आणि त्याची बायको फिलेना यांनी मागून घेतलं.

"एकटी पडेल, लाजाळू आहे, म्हणून म्हणते," फिलेना लव्हिनियाला म्हणाली. "माझ्याजवळ झोपेल. तू काळजी करू नकोस."

"उपकार झाले, मावशी," लव्हिनिया म्हणाली.

त्यांची गाडी तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मागच्या एका तांड्यातली माणसं तिच्या चाकांची लाकडं जळणासाठी फोडत होती. लव्हिनियाने एकदाच वळून पाहिलं.

क्रेलची गाडी नेहमी पुढे असायची, कारण त्याचे बैल दणकट होते. स्टिकनींची नेहमी मागे. दिवसभर पुढच्या सगळ्या गाड्यांची धूळ खात लव्हिनिया चालायची, इनॉक कमरेवर. स्टिकनी भाऊ वाईट नव्हते, पण तोंडाचे फटकळ होते. मधला लायमन रोज सकाळी बिस्किट हातात घेऊन वाजवून बघायचा.

"प्रुइटबाई, हे खायचं की चाकाला लोखंडी धाव म्हणून चढवायचं?"

"आधी चढवून बघा," ती म्हणायची. "उरलं तर खा."

यावर थोरला हसायचा, आणि दिवस सुरू व्हायचा.

सुरुवातीला थर्झा रोज संध्याकाळी धावत मागे यायची. आईच्या चुलीजवळ बसून दिवसभराचं सगळं सांगायची. मग एक दिवस ती आली तेव्हा तिचे केस धुतलेले होते आणि दोन घट्ट वेण्या घातलेल्या होत्या. काही दिवसांनी पायांत बूट आले. फिलेनाची स्वतःची मुलगी तापाने गेली होती, तिचे. अगदी मापाचे. थर्झा ते बूट आईला दाखवताना एका पायावर उभी राहिली आणि म्हणाली, "फिलेनामावशीकडे पीचचा मुरंबा आहे. ती मला रोज बोटभर देते."

"छान आहे," लव्हिनिया म्हणाली. तिच्या स्वतःच्या बुटांचे तळ कधीच गेले होते आणि ती पायांना रानगव्याच्या कातड्याचे तुकडे बांधून चालत होती. मुलीच्या पायाला काटा लागत नाही याचा तिला आनंद झाला. पण आनंद झाला की छातीत दुखायचंही, आणि त्याला तिच्याकडे इलाज नव्हता. त्या बाईवर रागावता येत नव्हतं. रागवायला कारणच नव्हतं.

मग थर्झा एक दिवसाआड यायला लागली. पुढे पुढे तर येऊन थोडा वेळ इनॉकला खेळवायची आणि "मावशी वाट बघेल" म्हणून उठायची.

एकदा लव्हिनियाने रॅन्समजवळ विषय काढला. तो जनावरांना पाणी दाखवून परत येत होता. धुळीने त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

"अहो, तिला माझ्याबरोबर चालू दे की. दिवसा तरी. रात्री तिथेच झोपेल."

"चालून चालून तिचं काय होईल ते दिसतंय ना तुला?" रॅन्सम म्हणाला. "तिथे गाडीत बसायला मिळतं. दोन वेळ पोटभर जेवते. ऑरेगॉन येईपर्यंत निभावू दे."

तो हे बोलताना तिच्याकडे बघत नव्हता. तिला वाटलं, दमलाय.

सोडा स्प्रिंग्ज जवळ आलं तेव्हा हवा इतकी सुकी होती की गाड्यांच्या चाकांचं लाकूड आक्रसून लोखंडी धावा सैल पडायला लागल्या. स्टिकनींच्या मागच्या चाकाची धाव तर भर रस्त्यात निखळून गडगडत उतारावर गेली. दुरुस्ती करायची म्हणजे चाक काढून नदीत भिजत घालायचं, लाकूड फुगलं की धाव चढवायची आणि पाचरी ठोकायच्या. तांडा थांबणार नव्हता. कॅप्टनने सांगितलं, "मुक्काम सोडा स्प्रिंग्जला आहे. उद्या येऊन गाठा." क्रेलची गाडी शेजारून पुढे गेली तेव्हा थर्झाने मागच्या कापडातून हात बाहेर काढून हलवला.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर स्टिकनींची गाडी सोडा स्प्रिंग्जला पोचली. तिथे जमिनीतून बुडबुड्यांचं पाणी उसळतं. पोरं त्यात साखर घालून पितात, बायका त्यातच पीठ मळतात, आणि बिस्किटं सोडा न घालता फुगतात. लायमन आज मुद्दाम थट्टा करत होता, की आता प्रुइटबाईंच्या बिस्किटांना सबब उरली नाही. लव्हिनिया हसत हसत गाड्यांच्या रिंगणाकडे बघत होती. क्रेलच्या गाडीचं कापड निळसर होतं, लांबूनही ओळखू यायचं. ते कुठे दिसेना.

तिने रिंगणाला एक फेरा घातला. मग कॅप्टन बर्डिकला गाठलं.

"क्रेल कुठे उतरलेत?"

बर्डिकने टोपी मागे सारली. "ते गेले की, बाई. सकाळीच. पाच गाड्या फुटल्या. इथून पुढे फाटा आहे ना, त्यांनी कॅलिफोर्नियाचा रस्ता धरला. सोनं डोक्यात गेलं, दुसरं काय."

"आणि थर्झा?"

बर्डिक गोंधळला. त्याने तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. तिथे रॅन्सम उभा होता, हातात दोर घेऊन.

"मला वाटलं तुमचं बोलणं झालंय," कॅप्टन म्हणाला आणि बाजूला झाला.

लव्हिनिया नवऱ्याकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

रॅन्समने दोर एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "ओबेदायाने चार दिवसांपूर्वी विचारलं. म्हणाला, वसंतात येऊन घेऊन जा, किंवा कायमचीच ठेव म्हणालास तरी ठेवतो. शाळेत घालतो म्हणाला."

"आणि तुम्ही?"

"मी हो म्हटलं."

"मला न सांगता."

"तुला सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," तो म्हणाला. "आणि नाही म्हणून पुढे काय, लव्हिनिया? तिकडे पोचल्यावर आपल्याकडे काय आहे? कुदळसुद्धा नाही. हिवाळाभर तिला काय घालणार होतो आपण?"

तो खोटं बोलत नव्हता, हीच मोठी पंचाईत होती. ती परत कॅप्टनकडे गेली आणि तिने घोडं मागितलं. बर्डिककडे दोन घोडी होती. एक लंगडत होतं आणि दुसऱ्यावर पुढची वाट बघायला माणूस गेला होता. तिने आणखी दोघांकडे मागितलं. एकाने जमिनीकडे बघून नाही म्हटलं. दुसऱ्याची बायकोच मध्ये बोलली, "बाई, तुम्ही पडलात वाटेत तर आमचं जनावरही गेलं." तेही खरंच होतं.

लव्हिनियाने स्टिकनींच्या चुलीवर भांडं चढवलं होतं. ते तिने तसंच खाली उतरवून ठेवलं. इनॉकला शालीने पाठीला बांधलं आणि ती चालायला लागली.

"अंधार पडेल," रॅन्सम मागून म्हणाला.

ती थांबली नाही. तिला वाटलं होतं तो येईल. जनावरं मोकळी सुटलेली होती आणि बर्डिक त्याला हाक मारत होता. तो तिथेच दोर धरून उभा राहिला.

फाट्याजवळ दोन्ही वाटा सारख्याच दिसत होत्या. चाकोऱ्या, शेण, कुणीतरी फेकलेलं फुटकं पिंप. कॅलिफोर्नियाच्या वाटेवर शेण ताजं होतं. बैलगाडीपेक्षा माणूस भरभर चालतो, एवढाच तिचा आधार होता. उजेड होता तोवर ती चालली. मग वाट दिसेनाशी झाली तेव्हा एका खडकाला पाठ लावून इनॉकला पाजत बसून राहिली. फटफटायला लागल्यावर पुन्हा उठली. पायाचं एक कातडं सुटून पडलं होतं, ते कुठे ते तिला कळलंही नव्हतं.

तिने त्यांना गाठलं तेव्हा ते बैल जुंपत होते. निळसर कापड आधी दिसलं, मग धूर, मग फिलेना. फिलेना तव्यावर हॅमचे काप परतत होती. लव्हिनियाला पाहून तिने तवा खाली ठेवला.

"मी पळवून नेली नाही तिला," फिलेना म्हणाली. "तुझ्या नवऱ्याने हो म्हटलं. हात मिळवून म्हटलं."

"माहीत आहे, मावशी."

"बस आधी. रक्त येतंय पायातून."

लव्हिनिया बसली. फिलेनाने तिच्या हातात ताटली दिली, आणि लव्हिनियाने खाल्लं. ती मुलीला न्यायला आली होती आणि त्या बाईचं हॅम आणि पाव हावरटासारखं खात होती. स्वतःची लाज वाटत असूनही हात थांबत नव्हता. थर्झा गाडीच्या चाकाआडून बघत होती. जवळ आली नाही.

ओबेदाया क्रेल बैल जुंपायचं थांबवून आला. उंच, सावकाश बोलणारा माणूस. "तूही चल," तो म्हणाला. "दोन्ही लेकरं घेऊन चल. तिकडे स्वयंपाकाला बाई लागणारच आहे. रॅन्समला निरोप धाडू कुणाबरोबर तरी."

क्षणभर तिला ते सगळं दिसलं: गाडीत बसणं, भरलेलं पोट, पोरीच्या पायांत बूट. मग तिला दोर धरून उभा असलेला रॅन्सम दिसला. त्याच्यावर तिचा इतका राग होता की त्याचं तोंडही बघू नये. पण त्याला तिथे तसंच उभं ठेवून निघून जाणं तिला जमणार नव्हतं, आणि का जमणार नव्हतं ते तिला सांगता आलं नसतं.

"नाही," ती म्हणाली. "मी थर्झाला न्यायला आलेय."

"कशात घालून नेणार?" फिलेना शांतपणे म्हणाली. "काय देणार आहेस तिला, सांग ना मला. मी भांडत नाही तुझ्याशी. सांग फक्त."

लव्हिनियाने ताटली खाली ठेवली.

तेव्हा थर्झा चाकाआडून बाहेर आली. "आपली गाडी मिळाली का?" तिने विचारलं.

"नाही."

"बैल?"

"ड्यूक आहे."

"मग आपण कुठे राहणार?"

"ठाऊक नाही मला."

मुलीने वेणीचं टोक तोंडात घातलं. "आणि मी नाही आले तर?"

"तर मी काय करणार," लव्हिनिया म्हणाली. "तुला उचलून न्यायची ताकद नाही माझ्यात. इनॉकच झेपत नाही आता."

हे तिने मुलीला घाबरवायला म्हटलं नव्हतं, की विरघळवायलाही नव्हतं. तेवढंच उरलं होतं म्हणून म्हटलं. इनॉक शालीतून सुटायची धडपड करत होता. बहीण दिसल्यावर त्याने दोन्ही हात पसरले आणि रडायला लागला. थर्झाने पुढे येऊन त्याला काढून घेतलं. कमरेवर नीट बसवलं. आणि आई आली त्या वाटेने ती चालायला लागली.

थोडं गेल्यावर ती परत आली आणि बूट काढायला वाकली.

"ते राहू दे," फिलेना म्हणाली. "ते तुझेच." आणि गाडीत चढून पाठमोरी बसली. ओबेदायाने मक्याच्या पिठाची एक थैली लव्हिनियाच्या खांद्यावर ठेवली.

परतीच्या वाटेवर थर्झा दहा पावलं पुढे चालत राहिली. लव्हिनियाने एकदा तिला हाक मारली. "काय?" ती म्हणाली, न वळता. काय म्हणायचं होतं ते लव्हिनिया विसरली होती.

ऊन चढल्यावर समोरून एक माणूस आणि एक बैल येताना दिसले. ड्यूकच्या पाठीवर गोधड्या आणि तवा बांधलेला होता. रॅन्समने बर्डिकचं काम सोडलं होतं. तांडा पुढे गेला होता.

"जनावरं दुसऱ्याच्या ताब्यात दिल्याशिवाय निघता आलं नाही," तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं. मग मुलीला म्हणाला, "तुला पोटभर मिळावं, एवढंच होतं माझ्या मनात."

"मला विचारायला हवं होतं," थर्झा म्हणाली. इनॉकला तिने त्याच्याकडे दिलं नाही.

सोडा स्प्रिंग्जला ते बसून राहिले. पहिला तांडा आला, त्याच्या कॅप्टनने पिठाच्या थैलीकडे पाहिलं आणि मान हलवून नाही म्हटलं. दुसऱ्यात देवी निघाल्या होत्या. त्यांच्याजवळ यांनीच जायचं टाळलं. तिसऱ्यांकडे विनवायला रॅन्सम टोपी हातात घेऊन गेला. गाड्या थांबल्यासुद्धा नाहीत, तो त्यांच्या बरोबरीने बोलत बोलत बराच लांब गेला आणि एकटाच परत आला. त्या दिवशी लव्हिनियाने त्याच्यासाठी बिस्किट राखून ठेवलं आणि त्याच्यासमोर ठेवताना त्याच्या खांद्यावरची धूळ झटकली. त्याहून जास्त काही त्यांच्यात बोलणं झालं नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही.

शेवटी काही जर्मन कुटुंबांचा लहान तांडा आला. त्यांच्यातली एक बाई बाळंत व्हायच्या बेतात होती आणि त्यांच्याबरोबर म्हातारंजाणतं कुणी नव्हतं. त्यांनी खुणांनी आणि मोडक्या बोलीने सांगितलं, की गाडीत जागा नाही, पण बरोबर चाला. चौघं बरोबर चालले. बाळंतपण लव्हिनियाने केलं. मूल जगलं, आई दोन दिवसांनी गेली. तिला वाटेतच पुरलं आणि जनावरांनी उकरू नये म्हणून वरून सगळ्या गाड्या नेल्या. ब्लू माउंटनच्या चढावर ड्यूक बसला तो उठला नाही. गोधड्या रॅन्समने पाठीवर घेतल्या.

ऑरेगॉनातल्या विलामेटच्या खोऱ्यात ते पोचले तेव्हा पाऊस सुरू झाला होता. तिथला पाऊस थांबत नाही. एका जुन्या वस्तीकऱ्याने त्याची लाकडी कोठी राहायला दिली, आणि त्या बदल्यात रॅन्सम त्याच्या कुंपणासाठी दिवसभर लाकडं फोडायचा. जेवायला उकडलेले गहू आणि बटाटे, क्वचित खारवलेला साल्मन मासा. ख्रिसमसच्या सुमारास थर्झाला खोकला लागला. छातीतून घरघर यायची. वस्तीवर डॉक्टर नव्हता. शेजारणीने बदकाची चरबी दिली, ती लव्हिनिया रोज दुपारी मुलीच्या छातीला चोळायची.

"कॅलिफोर्नियात ऊन असेल ना?" एकदा थर्झाने विचारलं. ती छताकडे बघत होती.

"असेल."

"फिलेनामावशीने आतापर्यंत बागही लावली असेल."

"असेल लावली."

लव्हिनिया चोळत राहिली. हाताखाली पोरीच्या फासळ्या एकेक लागत होत्या. तिला वाटलं, विचारावं हिला, मी आले ते चुकलं का. पण नऊ वर्षांच्या मुलीला असलं काही विचारून तिच्यावर भार टाकणं बरं नव्हतं. आणि ती काय म्हणेल याची तिला भीतीही होती.

थर्झा खोकली, कुशीवर वळली आणि भिंतीकडे सरकली. शेजारी एका माणसापुरती जागा झाली.

"हात गार आहेत तुझे," ती म्हणाली. "गोधडीत घे."

लव्हिनियाने चरबीचं भांडं खाली ठेवलं आणि ती मुलीच्या पाठीशी आडवी झाली. बाहेर पावसात रॅन्समची कुऱ्हाड चालू होती.